पहिली करवत घेताना

दहावीचा निकाल लागला की शाळेत येणारे पालक दोन प्रकारचे असतात. काहींना अकरावीच्या प्रवेशाची चौकशी करायची असते. काही जण, त्यातही माता अधिक, गर्दी ओसरेपर्यंत थांबतात आणि मग हळूच विचारतात, "सर, पोराचं मन पुस्तकात लागत नाही, पण हात गुणी आहे. सुतारकामाला घातलं तर कसं होईल?" यंदा अशाच एका अम्मींनी पुढचाही प्रश्न विचारला. "उस्तादांनी सांगितलंय, स्वतःची हत्यारं घेऊन ये. पैसे थोडे आहेत. आधी काय घेऊ?"

आम्ही सांगितले, एक चांगली हातकरवत घ्या. त्या म्हणाल्या, "बाजारात दहा प्रकारच्या टांगलेल्या असतात. त्यातली चांगली कोणती?" हा प्रश्न आणखी कित्येक घरांत असेल, म्हणून या महिन्याचे पान त्यालाच देत आहोत. आमच्या वालिदांची रोजी सुतारकामावर होती. पेशाने आम्ही मास्तर झालो, पण त्यांच्या पेटीशी आमचे नाते तुटले नाही.

मशीन असताना हातकरवत कशाला?

आमच्या बेटेगाव-बोईसर भागात हा प्रश्न पहिला येतो. बोईसर-चिल्हार रस्त्याच्या आसपास नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. तारापूर एमआयडीसीत कामाला आलेली कुटुंबे तिथे घर घेतात आणि प्रत्येक घराला किचन ट्रॉली, कपाट, बेड लागतो. हे काम प्लायवूडचे असते. सरळ रेघेत प्लाय कापायला कटर मशीनच बरे, त्यात वाद नाही.

पण मशीन चालवणाऱ्याच्या हाताखाली प्लायच्या शीट उचलणारी आणि सनमायका चिकटवणारी मुले बघा. तीन-चार वर्षांनीही त्यांतली बरीच जण हेल्परच राहतात. मिस्त्री तो होतो ज्याला सांधा करता येतो. दाराची चौकट, खिडकी, खुर्ची, पाळणा, जुन्या सागवानी कपाटाची दुरुस्ती ही कामे भरीव लाकडाची असतात. तिथे एका लाकडाला कुसू काढायचे आणि दुसऱ्यात त्याच मापाचे भोक पाडून ते बसवायचे असते. खणाच्या कोपऱ्यावर पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकवायचे असतात. त्याला सगळीकडे डवटेल म्हणतात. खुर्चीचा पाय दुरुस्त करायला कोणी कारखाना उघडत नाही. ते काम बारीक करवतीने आणि पटाशीनेच होते.

सांधा सैल झाला तर काय करतात, हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवतात, फटीत भरतात आणि वरून पॉलिश मारतात. गिऱ्हाईक घरी नेते तेव्हा ती फट दिसत नाही, एका पावसाळ्यानंतर दिसते. मालातला ऐब झाकून विकणे आपल्या दीनमध्ये मना आहे, हे मुलांना आपण तोंडाने शिकवतोच. पण फट पडणारच नाही असे कापायला शिकवणे, हेही त्याच शिकवणीचे काम आहे. हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतारकाम करीत असत, असे हदीसमध्ये आले आहे. तेव्हा या कामाला कमी लेखण्याचे कारण नाही. ते नीट शिकले पाहिजे, इतकेच.

दातांचे दोन प्रकार

करवत ओळखायची तर आधी लाकूड ओळखावे लागते. झाड उभे वाढते, म्हणून लाकडातल्या रेषाही त्याच दिशेने धावतात. त्या रेषांच्या बाजूने कापणे म्हणजे उभी चीर. रेषा तोडून आरपार जाणे म्हणजे आडवा काप. दोन्ही कामांना दात वेगळे लागतात.

उभ्या चिरेचा दात म्हणजे लहानशी पटाशी. त्याचे टोक सपाट असते आणि ते रेषांमधून लाकडाचे बारीक तुकडे उचलत पुढे जाते. आडव्या कापाचा दात म्हणजे लहानशी सुरी. त्याच्या कडा तिरप्या घासलेल्या असतात, त्यामुळे रेषा आधी तुटतात आणि मग भुसा बाहेर येतो. उभ्या चिरेच्या करवतीने आडवा काप घेतला तर कडा फाटून निघते. आडव्या कापाच्या करवतीने उभी चीर घेतली तर ती चालते, पण फार हळू चालते, आणि मूल दमून जोर लावू लागते. जोर लावला की रेघ सुटते.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण दुकानदार ती सांगत नाही. कुसवाचे गाल कापताना आणि डवटेलचे दात कापताना आपण लाकडाच्या रेषांच्या बाजूनेच खाली जात असतो. म्हणजे बारीक सांध्याच्या करवतीलाही उभ्या चिरेचेच दात हवेत, फक्त लहान. आडवा काप लागतो तो कुसवाच्या खांद्याला.

किती आणि कोणत्या?

दातांचा हिशेब एका इंचात किती दात यावर करतात. फळ्या चिरायची मोठी करवत साधारण २६ इंच लांब असते आणि तिला इंचाला ५-६ दात असतात. आडव्या कापाच्या मोठ्या करवतीला ८ ते १०. या दोन्ही उस्तादांच्या कामावर असतातच, पहिल्या वर्षी त्या विकत घेण्याची घाई नको.

सांध्याच्या करवती वेगळ्या. त्यांचे पाते पातळ असते, आणि पातळ पाते वाकू नये म्हणून वरच्या कडेला लोखंडाची किंवा पितळेची जाड पट्टी बसवलेली असते. तिला पाठ म्हणतात. कुसवाची करवत, म्हणजे टेनन करवत, १० ते १४ इंच लांब असते आणि तिला इंचाला १२ ते १४ दात असतात. डवटेलची करवत ८ ते १० इंच लांब, दात १५ ते २०.

एकच घ्यायची असेल तर १२ इंची टेनन करवत घ्यावी. तिने कुसू होते, खांदा होतो आणि हात बसल्यावर बऱ्यापैकी डवटेलही होते. दात जितके बारीक तितकी करवत चांगली, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. दोन इंच खोल कापात बारीक दातांच्या खाचा भुशाने लगेच भरतात, करवत नुसती घसरते आणि मुलगा घामाघूम होतो.

ऑनलाइन मिळणाऱ्या जपानी करवतीबद्दलही विचारणा होते. ती ढकलून कापत नाही, स्वतःकडे ओढून कापते. त्यामुळे तिचे पाते फार पातळ असले तरी चालते आणि चीरही अगदी बारीक पडते. ओढून कापण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. जमिनीवर बसून, लाकूड पायाखाली धरून, करवत स्वतःकडे ओढणारे जुने सुतार आमच्या पिढीने पाहिले आहेत. मात्र जपानी करवतीचे दात कडक आणि नाजूक असतात. शिसवाच्या गाठीवर किंवा जुन्या दारातल्या खिळ्यावर ते पटकन तुटतात, आणि बहुतेक वेळा धार लावण्याऐवजी पातेच बदलावे लागते. शिकणाऱ्या हातात पहिली म्हणून ती देऊ नये.

दुकानात काय बघावे?

सगळ्यात आधी दातांची टोके बघा. ती काळपट-निळसर दिसत असतील तर ते दात विजेच्या तापाने कडक केलेले आहेत. पाकिटावर बहुधा 'हार्ड पॉइंट' असे लिहिलेले असते. अशी करवत नवी असताना उत्तम कापते आणि बरेच दिवस टिकते. पण तिच्या दातांवर कानस चालत नाही, नुसती घसरते. धार गेली की करवत भंगारात जाते. साइटवर खडबडीत कामासाठी ती ठीक आहे. सांधे शिकणाऱ्या मुलासाठी नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: ज्या करवतीला पुन्हा धार लावता येते, तीच विकत घ्या.

मग करवत उलटी करून, दात वर घेऊन, एक डोळा मिटून टोकापासून मुठीपर्यंत बघा. दातांची ओळ सरळ दिसली पाहिजे. नागमोडी दिसली तर बाजूला ठेवा. दात आळीपाळीने डाव्या-उजव्या बाजूला किंचित झुकलेले असतात. त्याने चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पाते लाकडात अडकत नाही. हा झुकाव दोन्ही बाजूंना सारखा हवा आणि थोडाच हवा. चीर पात्याच्या जाडीच्या दीडपटीहून रुंद पडत असेल तर बारीक सांध्याला ती करवत कामाची नाही.

पाते पाठीत घट्ट बसले आहे ना, ते हलवून बघा. मूठ स्क्रू-नटाने बसवलेली असावी, म्हणजे सैल झाली तर आवळता येते. मुठीत तीन बोटे आरामात बसली पाहिजेत, कारण पहिले बोट बाहेर, पात्याच्या दिशेने सरळ ठेवायचे असते. लाकडी मूठ असेल तर ती कानशीने थोडी घासून मुलाच्या हाताच्या मापाची करता येते. प्लास्टिकच्या मुठीत ती सोय नाही. पितळी पाठ दिसायला सुंदर असते आणि तिचे वजनही उपयोगी पडते, पण केवळ त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

बोईसरच्या हार्डवेअर दुकानात मनासारखी करवत मिळाली नाही तर एक दिवस काढून मुंबईला नागदेवीला जावे. हत्यारांची इतकी दुकाने एका जागी आपल्या बाजूला दुसरीकडे नाहीत. चोर बाजारात जुन्या हत्यारांची दुकाने आहेत. तिथे कधी इंग्लंडच्या शेफिल्डची किंवा अमेरिकेतल्या डिस्टनची जुनी करवत हाती लागते. हेन्री डिस्टनने फिलाडेल्फियात १८४० मध्ये हा कारखाना काढला होता आणि त्या करवतींचे पोलाद आजही नावाजले जाते. वरवरचा गंज घासून जातो, त्याला घाबरू नये. पण दातांच्या जवळ गंजाने खोल खड्डे पडले असतील, किंवा पात्याला कायमचा बाक आला असेल, तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी.

कापायचे कसे?

चांगली करवत घेऊनही रेघ जाड पेन्सिलीने ओढली तर उपयोग नाही. गुण्या लावून सुरीच्या टोकाने रेघ कापावी. कुसवाच्या रेघा खतकशाने घ्याव्यात, म्हणजे चारही बाजूंना माप एकच येते. रेघेच्या कोणत्या बाजूचे लाकूड टाकायचे आहे तिथे फुली मारावी. करवत नेहमी फुलीच्या बाजूला चालवायची आणि रेघ शिल्लक ठेवायची. रेघ खाल्ली तर सांधा सैल झालाच म्हणून समजा.

लाकूड शिकंज्यात घट्ट बांधावे. हलत्या लाकडावर कोणाचाच काप सरळ येत नाही. उभे राहताना करवत, मनगट, कोपर आणि खांदा एका रेषेत यावेत. कोपर अंगापासून बाहेर गेले की करवत वळते. सुरुवात पलीकडच्या कोपऱ्यावर करावी, करवतीचे वजन जवळजवळ हातात उचलून धरावे आणि दोन-तीन हलके हात मारावेत. चीर पडली की लांब हात मारावेत, पात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मुले मधल्या चार इंचांतच खरखर करत राहतात. त्याने तेवढेच दात बोथट होतात आणि बाकीचे कोरे राहतात.

कुसवाचा गाल कापताना एकदम सरळ खाली उतरू नये. लाकूड तिरपे बांधावे, म्हणजे वरची रेघ आणि आपल्याकडची रेघ दोन्ही एकाच वेळी दिसतात. कोपऱ्यातून तिरके खाली यावे, मग लाकूड फिरवून दुसऱ्या बाजूने तसेच करावे, आणि शेवटी सरळ उभे बांधून मधला त्रिकोण काढून टाकावा. दोन्ही बाजूंच्या चिरा वाट दाखवतात, त्यामुळे करवत भरकटत नाही. खांदा कापण्यापूर्वी सुरीच्या रेघेलगत फुलीच्या बाजूने पटाशीने बारीकशी उतरती खाच करावी. करवत त्या खाचेत बसून चालते आणि खांदा आरशासारखा येतो.

जोर लावू नका, हे आम्ही मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. धारेची करवत स्वतःच्या वजनाने कापते. जोर लावावासा वाटला तर ती धार गेल्याची खूण आहे.

धार हीच खरी कारागिरी

इथे आपल्या समाजाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मिरजेची सतार आणि तानपुरा देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वाद्ये बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे काम घटले, तेव्हा मिरजेच्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि मग घडण हाती घेतली. त्यातून पुढे 'सतारमेकर' हे आडनावच पडले. ज्या हाताला धारेची समज होती, त्याला लाकडाचीही समज आली. आपल्या वस्त्यांत शिकलगार आडनाव आजही आहे. त्या नावामागे केवढा हुन्नर होता, हे मुलांना सांगायला हवे.

करवतीला धार लावणे अवघड नाही, चिकाटीचे आहे. लागणारी तिकोनी कानस आपल्या कोकणातच बनते. जे. के. फाइल्सचे कारखाने रत्नागिरी आणि चिपळूणच्या बाजूला आहेत. टेनन करवतीला बारीक, निमुळती तिकोनी कानस घ्यावी. पाते दोन लाकडी पट्ट्यांमध्ये धरून शिकंज्यात आवळावे आणि दात जेमतेम वर राहू द्यावेत, नाहीतर पाते थरथरते. आधी सपाट कानस सगळ्या टोकांवरून एकदा हलकेच फिरवावी. प्रत्येक टोकावर चमकता ठिपका दिसेल. मग तिकोनी कानस प्रत्येक खाचेत आडवी, पात्याला काटकोनात धरून फक्त पुढे ढकलावी. दर खाचेत सारखेच हात मारावेत. ठिपका नाहीसा झाला की थांबावे. सगळे दात एका उंचीचे आणि एका धारेचे झाले.

धार लावल्यावर करवत एका बाजूला ओढू लागली तर त्या बाजूच्या दातांचा झुकाव जास्त आहे. करवत आडवी ठेवून त्याच बाजूने धारेचा दगड एकदा हलका फिरवावा आणि कापून बघावे. पुन्हा ओढली तरच दुसऱ्यांदा फिरवावा.

आपल्याकडे हे काम वारंवार करावे लागते. सागाच्या लाकडात वाळूसारखी सिलिका असते, ती दात लवकर बोथट करते. शिवाय आपली हवा समुद्राची. जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेल्या पात्याला दोन दिवसांत गंज धरतो. काम झाले की पाते पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवावा आणि दातांवर जाड कागदाची किंवा चिरलेल्या पाइपची टोपी चढवावी. चालताना पाते जड वाटले तर मेणबत्ती घासावी. पेटीत करवत पटाशीवर पडू देऊ नये.

पैशांची सोय

हत्यारांसाठी कर्ज काढण्याआधी केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. नोंदणीसाठी वय किमान १८ हवे आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे असते, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता मिळतो आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत मिळते. नोंदणी सेवा केंद्रात होते. घरात जो आधीपासून सुतारकाम करतो, त्याच्या नावाने अर्ज करावा. मुलगा लहान असेल तर आयटीआयमधला कारपेंटरचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही चांगला. तिथे सांधे पायरीपायरीने शिकवतात.

मदत मिळाली तरी सगळे पैसे एका दिवसात खर्च करू नयेत. टेनन करवत, तिकोनी कानस, गुण्या, खतकश, अर्ध्या आणि पाव इंचाची एकेक पटाशी आणि धारेचा दगड. पहिल्या सहा महिन्यांना एवढे पुरे.

आणि करवत घरी आली की पहिल्याच दिवशी सांधा करायला बसवू नका. वखारीतून सागाचे चार टाकाऊ तुकडे आणा, त्यांवर पाव-पाव इंचावर सुरीने रेघा मारा आणि नुसते सरळ कापू द्या. रोज असर आणि मगरिबच्या मधला अर्धा तास पुरतो. रेघ शिल्लक राहू लागली की एक लहान स्टूल, त्यानंतर डवटेलची पेटी.

त्यापुढची परीक्षा म्हणून आम्ही मुलांना एकच काम सुचवतो: रेहल. कुरआन शरीफ ठेवायची जुन्या पद्धतीची रेहल एकाच फळीतून होते. तिच्यात ना खिळा, ना बिजागरी. फळीच्या मधल्या पट्ट्यात एकमेकांत अडकणारे दात कोरायचे आणि दोन्ही टोकांकडून फळीची जाडी बरोबर मधोमध चिरत त्या दातांपर्यंत यायचे. चीर केसभर भरकटली तर एक पान जाड आणि दुसरे पातळ होते. दात कुठे अडले तर ती उघडत नाही, सैल पडले तर डुगडुगते. भुसा आणि फेविकॉल तिथे काहीच झाकू शकत नाही. पहिल्या दोन-तीन फळ्या वाया जातील, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. ज्या दिवशी फळी हातात अलगद उघडेल, त्या दिवशी तुमच्या मुलाला हेल्पर कोणी म्हणणार नाही.